लढाऊ तुकड्यांची बांधणी: कायमची मिसळ की गरजेपुरती जोडणी?

पटमांडणी यांचा प्रश्न:

ब्रिगेड आणि तिच्या खालच्या पातळीवरच्या रचनेबद्दल विचारायचं आहे (वरून खाली: कोअर, डिव्हिजन, ब्रिगेड, बटालियन, कंपनी, प्लाटून). समजा एका ब्रिगेडकडे यांत्रिकी पायदळाच्या २ बटालियन आणि रणगाड्यांची १ बटालियन आहे. प्रत्येकीत ३ कंपन्या, म्हणजे एकूण ९. आज मोकळ्या मैदानात चढाई आहे, चार दिवसांनी शहर, त्यानंतर नदी. कामं अशी एकापाठोपाठ एक येणार आणि मध्ये उसंत मिळणार नाही.

१. रणगाडे आणि पायदळ एकाच बटालियनमध्ये कायमचे एकत्र ठेवावेत, की एरवी वेगळे ठेवून लढाईपुरती कंपन्यांची अदलाबदल करावी?
२. अदलाबदल करायची तर किती खालपर्यंत जावं? कंपनी, प्लाटून की सुटे रणगाडे?
३. तोफखाना आणि सॅपर (सुरुंग, अडथळे आणि पुलांचं काम करणारे सैनिक) ब्रिगेडचे स्वतःचे असावेत की डिव्हिजनकडून यावेत?
४. बटालियनलाच सगळं देऊन छोट्या स्वयंपूर्ण तुकड्या केल्या तर प्रश्नच मिटत नाही का?

“लवचीक रचना” हे शब्द सगळीकडे वाचायला मिळतात. पण एक कंपनी इकडची तिकडे जाते तेव्हा नेमकं काय करावं लागतं आणि काय अडतं, हे कुणी लिहीत नाही. मला तेच हवं आहे.

---

नकाशा_पन्नासहजारी यांचा प्रतिसाद:

लवचीकता बघायची तर तक्त्यातले बटालियनचे चौकोन मोजण्याआधी मुख्यालयं मोजा. एक कमांडर आणि त्याचा स्टाफ लढाई चालू असताना तीन ते पाच हाताखालच्या तुकड्या नीट हाताळू शकतो. सहावी आली की कुणाचा तरी रिपोर्ट ऐकायचा राहतो. म्हणून ज्या मुख्यालयाकडे आधीच पाच तुकड्या आहेत, त्याला सहावी जोडता येत नाही. ते कागदावर कितीही भक्कम दिसलं तरी ताठरच असतं.

याचं सर्वात धडधडीत उदाहरण म्हणजे अमेरिकेची पेंटोमिक डिव्हिजन. अणुबॉम्बच्या रणभूमीवर पांगून लढता यावं म्हणून १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी रेजिमेंट आणि बटालियन ही मधली पायरीच काढून टाकली. डिव्हिजनखाली ५ बॅटल ग्रुप, प्रत्येकात सुमारे १,४०० माणसं. कल्पना ऐकायला झकास होती. प्रत्यक्षात डिव्हिजन कमांडरच्या गळ्यात पाच बॅटल ग्रुप पडले, शिवाय रणगाड्यांची बटालियन, तोफखाना, टेहळणी, सॅपर आणि सिग्नल. खाली बॅटल ग्रुपचा कर्नल थेट कॅप्टनांच्या कंपन्या चालवत होता. मधली पातळीच नव्हती, त्यामुळे तीन कंपन्या एकत्र करून एखाद्या टेकडीवर पाठवायच्या तर त्यांचा म्होरक्या कोण, याला उत्तर नव्हतं. पाचेक वर्षांतच ही रचना मोडीत निघाली.

तिच्या जागी आलेली ‘रोड’ (ROAD) रचना (बदल १९६२ ते १९६४) तुमच्या पहिल्या प्रश्नासाठी जास्त उपयोगाची आहे. डिव्हिजनला ३ ब्रिगेड मुख्यालयं होती, पण त्या मुख्यालयांची स्वतःची म्हणून एकही बटालियन नव्हती. बटालियन डिव्हिजनच्या, त्या कामाप्रमाणे ब्रिगेडला मिळायच्या. चिलखती डिव्हिजनमध्ये रणगाड्यांच्या ६ आणि यांत्रिकी पायदळाच्या ५, तर साध्या पायदळ डिव्हिजनमध्ये पायदळाच्या ८ आणि रणगाड्यांच्या २, असं साधारण प्रमाण. ही युक्ती दुसऱ्या महायुद्धातल्या त्यांच्याच चिलखती डिव्हिजनकडून आली होती. १९४३च्या तक्त्यात रणगाड्यांच्या ३, चिलखती पायदळाच्या ३ आणि तोफखान्याच्या ३ बटालियन आणि त्यांच्यावर ए, बी आणि राखीव अशी तीन कॉम्बॅट कमांड मुख्यालयं. कुठली बटालियन कुठल्या मुख्यालयाखाली हे परिस्थिती बघून ठरायचं.

आता तुमच्या ९ कंपन्या. रणगाड्यांच्या र१ ते र३ आणि पायदळाच्या प१ ते प६ म्हणू.

मोकळं मैदान: रणगाडा बटालियन मुख्यालयाखाली र१, र२ आणि प१. पहिल्या पायदळ बटालियनखाली प२, प३ आणि र३. दुसरी पायदळ बटालियन प४, प५, प६ घेऊन राखीव. चढाई जिथे यशस्वी होईल तिथे हीच बटालियन मागून येऊन जागा ताब्यात घेणार.

शहर: पायदळाच्या दोन्ही मुख्यालयांखाली तीन-तीन पायदळ कंपन्या आणि एकेक रणगाडा कंपनी, ती पुढे प्लाटूनने वाटलेली. उरलेली एक रणगाडा कंपनी आणि रणगाडा बटालियनचं मुख्यालय शहराबाहेरचे रस्ते अडवायला. या मुख्यालयाला रिकामं बसवू नका. शहराच्या लढाईत कुमक बाहेरून येते, आणि तिला तोंड द्यायला एक मोकळं मुख्यालय लागतंच.

प्लाटूनच्या खाली जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. चार (काही सैन्यांत तीन) रणगाड्यांची प्लाटून फोडली की सुट्या रणगाड्याला बाजूने संरक्षण देणारं कुणी नसतं. तो बंद पडला तर ओढून काढणारा नसतो, आणि पायदळाचा लेफ्टनंट त्याला भिंतीसारखा एका जागी उभा करून ठेवतो. गल्लीत एकावेळी एकच रणगाडा पुढे जात असेल, पण दुसरा त्याच्या मागे नजरेच्या टप्प्यात हवाच.

---

रसदगाडी यांचा प्रतिसाद:

वरचं वाटप बरोबर आहे, पण वाटप केलं की काम झालं असं समजणाऱ्यांची रात्र वाईट जाते. एका कंपनीबरोबर तिची शेपूट जायला हवी, आणि इथेच सगळं बिनसतं.

आकडे घ्या. अमेरिकेच्या एब्रॅम्स रणगाड्याच्या इंधन टाक्यांत सुमारे १,९०० लिटर मावतं. १४ रणगाड्यांची कंपनी म्हणजे २६,६०० लिटर. साधारण ९,५०० लिटरचा एक टँकर धरला तर पूर्ण भरणीला जवळपास तीन टँकर. पायदळ बटालियनचे टँकर तिच्या स्वतःच्या वाहनांच्या हिशोबाने दिलेले असतात, या पाहुण्यांसाठी नाहीत. बरं, इंधन फक्त चालतानाच जळतं असंही नाही. एब्रॅम्सचं टर्बाइन इंजिन नुसतं चालू ठेवलं तरी तासाला चाळीसेक लिटर खातं. १४ रणगाडे १२ तास इंजिन चालू ठेवून वाट बघत उभे राहिले तर ६,७०० लिटर गेले, आणि एक मीटरही पुढे सरकले नाहीत. डिझेल इंजिनाच्या रणगाड्यांत हा आकडा बराच खाली येतो, पण यजमान बटालियनला त्याची कल्पना नसते हे तिथेही खरंच.

इंधनाखेरीज चार गोष्टी सोबत गेल्याच पाहिजेत. रिकव्हरी वाहन, कारण ६० टनांच्या वर वजन असलेला रणगाडा पायदळाच्या क्रेनगाडीने हलत नाही. फिटरांची टोळी आणि नेहमी लागणारे सुटे भाग. मुख्य तोफेच्या दारूगोळ्याचे ट्रक, कारण पायदळाच्या साठ्यात तो गोळाच नसतो. आणि चौथी, जखमींसाठी चिलखती रुग्णवाहिका किंवा ती कुणाची वापरायची याचा लेखी हुकूम.

हे सगळं मुळातच कंपनीप्रमाणे कापता येईल असं बांधलेलं असेल तर अदलाबदल तासांत होते. बटालियनची एकच मोठी रसद कंपनी असेल तर तिचे लचके तोडावे लागतात आणि मागे राहिलेल्या दोन कंपन्या उपाशी राहतात. माझ्या मते दोन सारख्या बटालियनमध्ये जास्त लवचीक कुठली, याचा निकाल हा एकच प्रश्न लावतो: तिची रसद कंपनीच्या मापाने सुटी होते का?

आता जोडणी कशी करायची. पहाटे ०५०० ला ताबा बदलायचा आहे असं धरू.

आदल्या दिवशी दुपारीच पूर्वसूचना गेली पाहिजे. तिच्यात पाच गोष्टी: कोण कुणाकडे, कुठल्या नात्याने (पूर्ण अंडर कमांड की फक्त ऑपरेशनल कंट्रोल), किती वाजल्यापासून, भेटीची जागा आणि तिथपर्यंतचा रस्ता. नातं लिहिलं नसेल तर पहिला वाद डिझेलवरून होतो, कारण फक्त ऑपरेशनल कंट्रोल असेल तर रसद मूळ बटालियनकडेच राहते.

रणगाडा कंपनीचा कमांडर किंवा त्याचा दुय्यम उजेड असतानाच यजमान मुख्यालयात पोहोचला पाहिजे. त्याच्यासोबत एक रेडिओ ऑपरेटर. फ्रिक्वेन्सी, सांकेतिक किल्ल्या, कॉलसाइन घ्यायचे, आणि दोन्ही नकाशे शेजारी ठेवून खुणा ताडून बघायच्या. एकाच टेकडीला दोन बटालियननी दोन नावं दिलेली असतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे एकच सांकेतिक शब्द दोघांकडे वेगवेगळ्या अर्थाने असतो.

भेटीच्या जागेवर प्रत्येक प्लाटूनला एक आणि मागच्या गाड्यांना एक असे गाइड. गाइड पायी चालणारा जवान असेल तर त्याला आधी समजावून सांगा की गाडी साडेतीन मीटरहून जास्त रुंद आहे आणि कुठल्या मोऱ्या वजन पेलणार नाहीत. पायवाटेने नेणारा गाइड हमखास छोट्या मोरीवर घेऊन जातो. तिथे पहिला रणगाडा रुतला की मागचे तेरा उजाडेपर्यंत तिथेच.

पोहोचल्यावर स्थिती कागदावर द्यायची: चालू रणगाडे किती, इंधन किती टक्के, मुख्य तोफेचे गोळे प्रकारानुसार, मशीनगनच्या गोळ्या, क्रूमधली नवी माणसं. मग रेडिओ तपासणी. ती ऑपरेटर-ऑपरेटरमध्ये न करता दोन्ही कंपनी कमांडरांनी स्वतः नव्या नेटवर बोलून करायची. किल्ली चुकीची भरली गेली असेल तर ते इथेच कळतं, गोळीबार सुरू झाल्यावर कळून उपयोग नाही.

शेवटी अर्धा तास रणगाड्यांशेजारी उभं राहून पायदळाला दाखवायचं: आतल्या क्रूशी बोलायचा मागचा टेलिफोन कुठे आहे, टर्बाइनचा गरम झोत कुठे येतो, आणि तोफेच्या तोंडापुढे बाजूंनाही का थांबायचं नाही. चिलखतभेदी गोळ्याची सुटणारी आवरणं पुढे शेकडो मीटर उडत जातात आणि माणूस मारतात.

वेळेचा जुना नियम आहे: उपलब्ध वेळेतला एक तृतीयांश आपण घ्यायचा, दोन तृतीयांश खालच्यांना सोडायचा. बटालियनने रात्री १० पर्यंत योजनेवर खल केला तर वरच्यातलं काहीच होत नाही आणि ०५०० ला दोन अनोळखी कंपन्या एकमेकांच्या शेजारून लढतात.

---

तोफमापक यांचा प्रतिसाद:

तिसऱ्या प्रश्नावर. रणगाडा हलवल्याशिवाय त्याचा मारा हलत नाही. तोफेचं तसं नाही. ती जागच्या जागी उभी राहून तोंड फिरवते आणि मारा दहा किलोमीटर बाजूला जाऊन पडतो. आजची १५५ मिमी तोफ साध्या गोळ्यानेही २० किलोमीटरच्या पुढे टाकते, म्हणजे एका जागेवरून बाजूच्या ब्रिगेडचा बराचसा भाग तिच्या आवाक्यात असतो. म्हणून तोफखान्याची लवचीकता मारा गोळा करण्यात आहे. बॅटऱ्या (तोफखान्याच्या कंपनीएवढ्या तुकड्या) वाटून टाकल्या की तीच हरवते.

दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिशांनी दोन्ही गोष्टी करून बघितल्या. ‘जॉक कॉलम’ म्हणजे एकदोन मोटार कंपन्या, २५ पाउंडर तोफांची एखादी बॅटरी (आठ तोफा) आणि थोड्या चिलखती गाड्या. छापे घालायला ठीक. पण १९४२ च्या पूर्वार्धापर्यंत डिव्हिजनच्या तोफा अशा तुकड्यातुकड्यांत विखुरल्या होत्या, आणि समोरून रणगाडे एकवटून आले की आठ तोफांचा मारा त्यांना थांबवू शकत नव्हता. तिथला नवा ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी याने ऑगस्ट १९४२ मध्ये आल्याआल्या हे बंद केलं आणि डिव्हिजन डिव्हिजन म्हणून लढतील असं ठरवलं. त्याच तोफा, पण आता पुढच्या निरीक्षकाने ‘माइक टार्गेट’ म्हटलं की रेजिमेंटच्या २४ तोफा आणि ‘अंकल टार्गेट’ म्हटलं की डिव्हिजनच्या ७२ तोफा मिनिटांत एका जागेवर.

तेव्हा तोफांऐवजी निरीक्षक वाटा. प्रत्येक कंपनीबरोबर पुढचा निरीक्षक अधिकारी, प्रत्येक बटालियन कमांडरच्या खांद्याला खांदा लावून बॅटरी कमांडर. ही माणसं कायम त्याच कंपन्यांबरोबर फिरली पाहिजेत. तोफा मात्र एका कमांडखाली. एखाद्या बटालियनला अमुक बॅटरी हाकेसरशी मिळेल एवढं ‘डायरेक्ट सपोर्ट’ पुरतं. ‘अंडर कमांड’ फक्त तेव्हाच द्या जेव्हा ती बटालियन इतकी दूर जाणार आहे की बाकीच्या तोफांचा पल्ला तिथे पोहोचणार नाही.

आणि तोफखाना राखीव ठेवायचा नसतो. राखीव बटालियनच्या वाट्याची बॅटरी गप्प बसलेली दिसली तर रचना चुकली आहे.

एक बाजू शांतताकाळाचीही आहे. अमेरिकेने २००४ पासून ब्रिगेड स्वयंपूर्ण करताना तोफखान्याच्या बटालियन ब्रिगेडला कायमच्या दिल्या आणि डिव्हिजनची तोफखाना मुख्यालयं बंद केली. मग गनर्सचा सराव तपासणारा, चुका पकडणारा जाणता वरिष्ठ उरला नाही. पायदळातून आलेल्या ब्रिगेड कमांडरला गोळा पडलेला दिसतो, गणित कुठे चुकतंय ते दिसत नाही. २०१४ पासून ती मुख्यालयं परत उभी करावी लागली.

---

पटमांडणी:

फार उपयोगी. पण मग पहिल्या प्रश्नाचं उत्तर “वेगळे ठेवा आणि वेळेला जोडा” असं समजू का? रसदगाडी यांनी लिहिलेली एवढी सव्यापसव्यं दर वेळी करायची तर कायमचं एकत्र ठेवणं सोपं वाटतं.

---

चिलखत यांचा प्रतिसाद:

मी कायमच्या मिसळीच्या बाजूने आहे, पण बटालियनच्या पातळीवर आणि काही अटींवर.

शस्त्रं वेगळी ठेवून वेळेला जोडू म्हणणाऱ्यांना वेळ मिळत नाही, हा अनुभव पुन्हा पुन्हा आला आहे. ८ ऑक्टोबर १९७३ ला सिनाईत इस्रायली चिलखती ब्रिगेडींनी सुएझ कालव्याकडे प्रतिहल्ला केला तेव्हा त्यांच्यासोबत पुरेसं पायदळ, मॉर्टर किंवा तोफखाना नव्हता. १९६७ च्या युद्धातल्या यशानंतर रणगाडे आणि विमानं यांच्यावरच भर राहिला होता. समोर इजिप्तचं पायदळ सॅगर ही रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं आणि आरपीजी घेऊन वाळूत बसलेलं. सॅगर चालवणारा माणूस एका छोट्या खड्ड्यात, उघड्यावर, क्षेपणास्त्र जाऊन पोहोचेपर्यंत वीसेक सेकंद नजर हलवायची नाही अशा अवस्थेत असतो. त्याच्या आसपास मॉर्टरचे चार गोळे पडले तरी नेम ढळतो. तेवढंही सोबत नव्हतं म्हणून रणगाडे गेले.

अमेरिकेच्या नंतरच्या कम्बाइंड आर्म्स बटालियनमध्ये रणगाड्यांच्या २, यांत्रिकी पायदळाच्या २ आणि सॅपरची १ अशा कंपन्या एकाच छताखाली आल्या. फायदा उघड आहे. कंपनी कमांडर एकमेकांचे आवाज ओळखतात, फिटरला दोन्ही वाहनं माहीत असतात, रेडिओच्या किल्ल्या एकच. रसदगाडी यांच्या यादीतली निम्मी कामं उरतच नाहीत.

अटी अशा. एक, बटालियन कमांडर पायदळातला असेल तर त्याचा दुय्यम किंवा ऑपरेशन्सचा अधिकारी रणगाड्यांचा हवा, आणि उलट. नाहीतर त्यांच्या सरावाला कुणी वाली राहत नाही. दोन, रणगाड्यांच्या नेमबाजीचा सराव वर्षातून ठरल्या वेळी ब्रिगेडमधल्या सगळ्या रणगाडा कंपन्यांनी एकत्र करायचा. तीन, सुटे भाग दुप्पट प्रकारांचे लागतात, त्यामुळे भांडारात माणसं वाढवावी लागतात. ती वाढवली नाहीत तर बटालियन दोन्ही वाहनं अर्धवट चालवते.

हे करायचं नसेल तर दुसरा मार्ग सवयीच्या जोड्यांचा. र१ नेहमी पहिल्या पायदळ बटालियनबरोबर, र२ नेहमी दुसरीबरोबर. एरवी राहायला आणि शिकायला आपापल्या घरी, पण प्रत्येक मोठा सराव त्याच जोडीने. जोडी बदलायची वेळ आली तर बदला, मात्र ती किंमत मोजून. यात फक्त एक काळजी घ्यायची: ठरलेल्या जोड्यांमुळे आळस येतो आणि कमांडर शहरातही मैदानाचंच वाटप कायम ठेवतो.

---

नकाशा_पन्नासहजारी:

चिलखत यांच्याशी बराचसा सहमत. सवयीच्या जोड्या हा मला सर्वात व्यवहार्य मार्ग वाटतो. पण चौथ्या प्रश्नाकडे, बटालियनला सगळं देण्याच्या कल्पनेकडे, कुणी वळलं नाही म्हणून लिहितो. तिथे धोका मोठा आहे.

रशियाचा बटालियन टॅक्टिकल ग्रुप म्हणजे नेमकं हेच. एका मोटार रायफल बटालियनभोवती रणगाड्यांची कंपनी (साधारण १०), चाळीसेक चिलखती गाड्या, तोफा, रॉकेट लाँचर, विमानविरोधी क्षेपणास्त्रं, सॅपर, इलेक्ट्रॉनिक युद्धाची साधनं. माणसं ६०० ते ९००. मारा करायची ताकद प्रचंड. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये त्याचे तीन दोष एकदम दिसले.

पहिला दोष पायदळाचा. बीएमपी-२ या पायदळाच्या चिलखती गाडीतून ७ जण उतरतात, तीन गाड्यांच्या प्लाटूनचे कागदावर २१. भरती अपुरी असेल तर गाडी चालवायला आणि तोफेवर तीन माणसं ठेवावीच लागतात, त्यामुळे घट पूर्णपणे उतरणाऱ्यांच्या वाट्याला येते. सातऐवजी चार उतरले तर प्लाटूनकडे १२ माणसं. एवढ्यांनी झाडीची एक पट्टी तपासायची, रणगाड्यांच्या बाजू सांभाळायच्या, रात्री पहारा द्यायचा? म्हणून रणगाडे एकटे रस्त्याने पुढे जाताना दिसले.

दुसरा मुख्यालयाचा. हे सगळं चालवणारा लेफ्टनंट कर्नल आणि त्याचा स्टाफ बटालियनच्याच मापाचा. मी आधी पेंटोमिकबद्दल लिहिलं तेच दुखणं इथे उलट्या दिशेने आलं. आठ-दहा जातींची हत्यारं एका छोट्या स्टाफच्या हवाली केली की त्यातली निम्मी वापरलीच जात नाहीत, कारण त्यांचं नियोजन करणाराच कुणी नसतो.

तिसरा झीज सोसण्याचा. सहा रणगाडे गेले की त्या ग्रुपचं चिलखत संपलं. मूळ ब्रिगेड मागे अर्धी रिकामी, कारण तिचे कराराचे (सक्तीने भरती न केलेले, पगारी) सैनिक वेचूनच हे ग्रुप भरलेले. ब्रिगेडच्या पातळीवर तेवढंच नुकसान झालं असतं तर आतल्या आत भागवता आलं असतं.

तीन की दोन हा मुद्दाही इथेच सांगतो. अमेरिकेने २००४ च्या बदलात ब्रिगेडींची संख्या वाढवण्यासाठी बहुतेक ब्रिगेडींत लढाऊ बटालियन दोनच ठेवल्या, शिवाय टेहळणीची एक. दोघी पुढे लावल्या की हातात राखीव काही नाही, आणि एक राखीव ठेवली तर पुढे एकच. मग टेहळणीवाल्यांना मोर्चा धरायला लावलं जायचं आणि ब्रिगेड आंधळी व्हायची. २०१३ मध्ये तिसरी बटालियन परत द्यायचं ठरलं. तुमच्या ब्रिगेडमध्ये तीन आहेत, त्यातली एक कुणी काढून मागितली तर द्यायच्या आधी तिच्याबरोबर राखीवही जातंय हे लक्षात घ्या.

---

सुरुंगमार्ग यांचा प्रतिसाद:

सॅपरबद्दल थोडक्यात. दोन थर करा. ब्रिगेडची स्वतःची सॅपर कंपनी, तिच्या प्लाटून बटालियनबरोबर सवयीच्या जोडीत: सुरुंग काढणं, अडथळे फोडणं, घर उडवणं. दुसरा थर डिव्हिजनकडे किंवा कोअरकडे: पूल, तराफे, सुरुंग उपटणारे मोठे नांगर, खोदकामाची यंत्रं. पूल रोज लागत नाही, दुर्मिळ असतो आणि वाहून न्यायला ट्रकांचा ताफा लागतो. तो प्रत्येक ब्रिगेडला वाटला तर ज्या दिवशी एकाच नदीवर तीन पूल टाकायचे असतात, त्या दिवशी कुणाकडेच पुरेसं सामान नसतं.

सुरुंगक्षेत्रातून एक वाट काढायला सॅपरची एक प्लाटून आणि एक नांगर किंवा रोलर लावलेला रणगाडा हा कमीत कमी हिशोब. यंत्र बंद पडणार आहे असंच धरून चाला आणि प्रत्येक वाटेला दुसरं ठेवा. बटालियनला दोन वाटा लागतात, म्हणजे दोन प्लाटून आणि चार यंत्रं. हे आकडे लिहून बघितले की डिव्हिजनकडून किती मागायचं ते आपोआप कळतं.

ड्रोनना हाच नियम लावता येईल. कंपनीच्या पुढच्या दोन-चार किलोमीटरवर बघणारे छोटे ड्रोन कंपनीचेच, रोज हरवणार असं धरून साठ्यासकट. लांब पल्ल्याचे ड्रोन आणि जॅमर (रेडिओ लहरी अडवणारी यंत्रं) ब्रिगेडच्या ताब्यात. जॅमर बटालियनने आपापल्या मर्जीने चालू केले तर शेजारच्या बटालियनचेच ड्रोन पडतात.

---

रसदगाडी:

एक भर. जोडलेली तुकडी परत कधी जाणार हे कुणी लिहीत नाही. “पुढील आदेशापर्यंत” असं लिहिलं की ती यजमानाची होऊन बसते, सगळ्यात कठीण काम तिला मिळतं आणि बदली शेवटी. युक्रेनच्या ब्रिगेडींतून बटालियन काढून आघाडीवरची भोकं बुजवायला दुसऱ्या ब्रिगेडींना दिल्या गेल्या तेव्हा नेमकं हेच झालं. ब्रिगेडींच्या वर कायमची मुख्यालयं नव्हती, त्यामुळे तुकडी कुणाची आणि तिची भरती कोण करणार हे धूसर राहिलं. २०२५ मध्ये त्यांनी कोअरची रचना आणली ती या कारणानेही.

ज्याच्या ताब्यात कंपनी दिली त्याला वेळेची मर्यादा किंवा काम पूर्ण झाल्याची खूण लिहून द्या: “अमुक पूल ताब्यात आल्यावर मूळ बटालियनकडे.” आणि रोजचा संख्या अहवाल दोन्हीकडे गेला पाहिजे, यजमानाकडे आणि मूळ बटालियनकडे.

---

पटमांडणी:

शहरासाठी असं मांडलं आहे, तपासून सांगा. पहिली पायदळ बटालियन: प१, प२, प३ आणि र१, रणगाड्यांची एकेक प्लाटून प्रत्येक कंपनीला. दुसरी: प४, प५, प६ आणि र२, तसंच. बाहेरचे रस्ते: रणगाडा बटालियन मुख्यालय आणि र३. तोफा ब्रिगेडखाली एकत्र, निरीक्षक कंपन्यांबरोबर. सॅपर प्लाटून प्रत्येक पायदळ बटालियनला एक.

---

नकाशा_पन्नासहजारी:

दोन दुरुस्त्या. सगळ्या सहा पायदळ कंपन्या शहरात घातल्या, ब्रिगेडकडे राखीव काय उरलं? प६ बाहेर काढा आणि र३ बरोबर रणगाडा बटालियन मुख्यालयाखाली ठेवा. आता ते मुख्यालय रस्तेही अडवेल आणि ब्रिगेडचं राखीव म्हणूनही हाताशी राहील, शिवाय र३ ला रात्री पहाऱ्याला पायदळ मिळेल. दुसरी बटालियन दोन कंपन्यांनिशी जाईल, तर तिला शहराचा अरुंद भाग द्या. मी आधी तीन-तीन लिहिलं होतं, ते राखीव डिव्हिजनकडून मिळणार असं धरून.

दुसरी: र२ च्या तीन प्लाटूनपैकी दोनच प४ आणि प५ ला द्या. तिसरी त्या कंपनीच्या कमांडरकडे. तीनही वाटल्यात तर रणगाडा कंपनीचा कमांडर दोन रणगाडे घेऊन नुसता बघत राहतो आणि बटालियन कमांडरच्या हातात अडलेल्या जागी पाठवायला काही नसतं.

---

रसदगाडी:

आणि र३ चे टँकर शहराच्या त्याच बाजूला उभे करा ज्या बाजूने ती राखीव म्हणून आत शिरणार आहे. पलीकडच्या बाजूला असतील तर ती अर्ध्या टाकीवर आत जाईल.